जुनी शिडाची बोट लांबच्या प्रवासाला सज्ज करायची आहे : आधी काय, मग काय?

खारा_वारा

नमस्कार मंडळी. गोव्यात एक जुनी ३२ फुटी फायबरची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) घेतली आहे. बांधणी युरोपातली, १९८० च्या दशकातली. तीन-चार मालक बदलत माझ्यापर्यंत पोचली. सध्या मांडवीत मूरिंगवर आहे. कागदपत्रं स्वच्छ आहेत, त्यामुळे तो विषय इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.

बेत असा : यंदा गोवा-मुंबई-गोवा, पुढच्या हंगामात कोची, आणि सगळं जमून आलं तर त्यानंतर अंदमान. आम्ही दोघं नवरा-बायको, अधूनमधून एखादा मित्र.

खर्चाची यादी केली आहे : लिथियम बॅटरी, ४०० वॅट सोलर, फ्रीज, ऑटोपायलट, वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र), नवा चार्टप्लॉटर (पडद्यावरचा समुद्री नकाशा), नवी शिडं. डोलकाठी आणि तारा ठीक दिसतात. एवढं सगळं एकाच वर्षात खिशाला झेपणार नाही, तर क्रम कसा लावू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

शीडतार

'तारा ठीक दिसतात' या एका वाक्यावर आमच्या धंद्यातल्या लोकांची घरं चालतात. हलकेच घ्या. ऑकलंडमध्ये रिगिंगचं काम करतो, मूळचा अलिबागचा.

तीन प्रश्न. तारा शेवटच्या कधी बदलल्या त्याची पावती आहे का? जाडी किती? आणि खालच्या टोकाला, जिथे तार नळीत दाबून बसवलेली असते (आम्ही स्वेज म्हणतो), तिथे तपकिरी ओघळ आहेत का?

खारा_वारा

पावती नाही. जाडी ६ मिमी. ओघळ आहेत, डावीकडच्या दोन स्वेजवर. पॉलिशने पुसले तर जातात.

खवचट_खलाशी

पॉलिशने जातात ना? मग झालंच की. डोलकाठी गेली की पॉलिशचा खर्चही वाचेल.

शीडतार

@खारा_वारा, तुमच्या यादीत पहिली ओळ आता नवी लिहा : उभं रिगिंग, म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा, पूर्ण बदलणे. तारांचं वय माहीत नसेल तर ते संपलं असं धरूनच चालायचं. विमा कंपन्या आणि सर्व्हेअर साधारण १० ते १२ वर्षं धरतात. आपल्याकडे उष्णता आणि खारट दमटपणा इतका की मी १० च्या पुढे जाऊ देणार नाही.

आता कारण. स्टेनलेस गंजत नाही तो त्याच्यावरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. वरच्या टोकाच्या स्वेजचं तोंड खाली असतं, पाणी निथळून जातं. खालच्या स्वेजचं तोंड वर, म्हणजे ती एक पेलीच झाली. खारं पाणी तारेवरून उतरतं, आत साचतं, वाळतं, मीठ उरतं, पुन्हा भरतं. आत ऑक्सिजन नाही आणि क्लोराइड भरपूर. बाहेरून चकचकीत, आतून पोखरलेलं. तुम्ही पुसता तो ओघळ म्हणजे आतून आलेली चिठ्ठी आहे. ती पुसून टाकू नका, वाचा.

स्वेजवर भिंगाने उभी, केसासारखी चीर दिसते का पाहा. डोळ्याला नाही दिसली तर डाय पेनिट्रंट वापरा. कुठल्याही एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडे त्याचे डबे असतात : लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसून काढायचा, मग पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

आणखी दोन जागा, लोक हमखास विसरतात :

फोरस्टे. तुमच्याकडे रोलर फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र, असणार. फोरस्टे त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळीत लपलेली असते, वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. डोलकाठी पुढच्या बाजूने धरणारी ही एकच मुख्य तार. फर्लर सोडवून ती बाहेर काढायचीच.

चेनप्लेट. तारांचं बळ बोटीच्या अंगात उतरवणारी पट्टी. ती डेकमधून जिथे खाली जाते तिथे सीलंटखाली अडकलेल्या पाण्यात तोच प्रकार घडतो. वरून आणि खालून चकाचक, मधले दोन इंच खाल्लेले. बाहेर ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. फर्निचर काढावं लागलं तरी काढा.

मालवणी_मरीन

+१. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका बोटीची चेनप्लेट बाहेर काढताना हातातच दोन तुकडे झाली. मालक म्हणाला, कालच रेस मारून आलो.

नागदेवी_नाका

मालाबद्दल लिहितो. मुंबईत दारूखान्यात आणि नागदेवी स्ट्रीटला वायर रोप ढिगाने मिळतो, पण त्यातला बराचसा ७×७ किंवा ७×१९, म्हणजे लवचीक जात. उभ्या रिगिंगला १×१९ लागतो, एकोणीस जाड तारांचा, कमी ताणणारा. बाल्कनीच्या रेलिंगसाठी १×१९ सर्रास विकला जातो, तो बहुतेक ३०४ ग्रेडचा. तुम्हाला हवा ३१६. दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा साहेब, चिकटत नाही, ३१६ आहे' म्हणेल. ३०४ सुद्धा नीटसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. दोन्हींतला फरक मॉलिब्डेनमचा, तो रासायनिक थेंब-चाचणीने किंवा एक्सआरएफ मशीनने कळतो. भंगारबाजारात मोठ्या व्यापाऱ्यांकडे हे मशीन असतं, ओळख असेल तर पाच मिनिटांत नमुना तपासून मिळतो.

मिल सर्टिफिकेटशिवाय तार घेऊ नका. बाहेरून मागवली तर कस्टम आणि वाहतूक धरून महाग पडते, पण डोलकाठीपेक्षा स्वस्तच.

शीडतार

बरोबर. आणि टोकं शक्यतो मेकॅनिकल घ्या, म्हणजे तार उलगडून आत शंकू बसवायचा आणि आटे घट्ट करायचे. महाग आहेत, पण दोन पान्यांनी डेकवर बसतात, उघडून तपासता येतात आणि शंकू बदलून पुन्हा वापरता येतात. आत सीलंट भरलं की पाणी साचायला जागा उरत नाही. स्वेजिंगचं चांगलं यंत्र आपल्या किनाऱ्यावर सहज मिळत नाही. वरची टोकं स्वेज करून आणा, खालची मेकॅनिकल करा. लांबीचा दोन-चार सेंटिमीटरचा हिशेबही त्यात जागेवर जुळवता येतो.

पुण्याची_पाल

वाचनखूण साठवली आहे. खडकवासल्यात डिंगी चालवते, एवढाच अनुभव. पण एक विचारू का? तारा किती घट्ट करायच्या? आमच्याकडे सर 'वाजवून बघ' म्हणतात.

शीडतार

सर चुकीचं सांगत नाहीत, पण मोठ्या बोटीवर कानावर विसंबू नका. गेज नसेल तरी मोजता येतं, आणि ही युक्ती मला फार आवडते.

१×१९ तारेला तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण दिला की २ मीटर लांबी १ मिलिमीटरने वाढते. तारेची जाडी काहीही असो, गणित तेच. म्हणून एक लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, दोन मीटरहून थोडी लहान. तार हाताने कसण्याइतपत सैल असताना पट्टीचं वरचं टोक टेपने तारेला घट्ट चिकटवा. खालचं टोक मोकळं, तारेला फक्त टेकलेलं. तारेवर खालची खूण स्वेजच्या वरच्या काठापासून नव्हे, तर वरच्या चिकटवलेल्या टोकापासून मोजून बरोबर दोन मीटरवर करा, आणि पट्टीच्या टोकापासून तिथवरचं अंतर व्हर्नियरने मोजा. आता टर्नबकल (तार घट्ट-सैल करायचा आट्यांचा जोड) फिरवा. तार ताणली जाते, पट्टी तेवढीच राहते, अंतर वाढतं. ३ मिमी वाढलं म्हणजे १५ टक्के, ४ मिमी म्हणजे २० टक्के. मुख्य बाजूच्या तारांना १५ ते २० मध्ये थांबायचं. ६ मिमीच्या ३१६ तारेचा तुटण्याचा भार २.८ टनांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक बाजूला चार-पाचशे किलोचा ताण बोट नुसती उभी असतानाच असतो.

क्रम : आधी डोलकाठी बाजूने सरळ आहे ना ते पाहा. मेन हॅलयार्डला (मुख्य शीड वर चढवायच्या दोराला) टेप बांधून दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत मोजा, अंतर सारखं आलं पाहिजे. मग दोन्हीकडे सारखे आटे, एकेक फेरा आळीपाळीने. स्प्रेडरचं, म्हणजे तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्याचं, टोक किंचित वर उचललेलं हवं, तारेच्या वरच्या आणि खालच्या कोनाला बरोबर मधोमध छेदणारं. लोंबलेला स्प्रेडर दिसला तर आधी तो. शेवटी समुद्रात, पंधरा-वीस नॉट वाऱ्यात, बोट २० अंश कललेली असताना वाऱ्याआडची तार हलकी झाली तर चालेल, पण लोंबकळता कामा नये. तिथे बारीक जुळवणी करा आणि मग स्प्लिट पिना घाला. पिनांची टोकं २० अंशच उघडा. पूर्ण मागे वाकवली तर अंधारात, घाईत काढता येत नाहीत.

तांडेलाचा_नातू

डोलकाठीवर इतकं झालं, नांगराबद्दल कुणी बोलेना. खरं तर रात्री झोप लागते ती नांगरामुळे.

आमच्या आजोबांची देवगडला मासेमारीची होडी होती. आपल्या खाड्यांत तळाशी चिखल, तोही मऊ. त्यात मोठ्या पात्याचा नांगर लागतो. आणि मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात त्याच्या निम्माही नाही. गोव्यात ज्या लांबीवर निवांत झोपलात, तेवढीच साखळी मांडव्याला टाकली तर भरतीला नांगर उभा होऊन सुटेल. खोली मोजताना भरतीच्या वेळची खोली धरा, अधिक पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची. साखळी त्याच्या पाचपट, दोर असेल तर सातपट.

३२ फुटीला ८ मिमी गॅल्व्हनाइज्ड साखळी, ५०-६० मीटर. मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे ६० मीटरचे ८५ किलो नाळेत. विंडलास (साखळी ओढणारं यंत्र) लागणारच. आणि विंडलासच्या चक्राच्या खाचा साखळीच्या कडीशी जुळायला हव्यात. ८ मिमीतही वेगवेगळ्या मापांच्या कड्या मिळतात. बाजारातून नुसती 'आठची' उचलून आणली तर उडी मारत सुटते. चक्रावर नंबर कोरलेला असतो, तो बघून घ्या.

साखळीला नायलॉनचा सात-आठ मीटरचा दोर आकड्याने अडकवून ताण त्या दोरावर घ्या. नायलॉन ताणतो, झटके खातो. साखळी थेट विंडलासवर ठेवून झोपू नका.

मालवणी_मरीन

आणि जाळी! डिसेंबरात रात्री रत्नागिरीपासून खाली जाताना बिनदिव्याची जाळी आणि एआयएस (आपली जागा इतर बोटींना कळवणारं यंत्र) नसलेल्या होड्या इतक्या की प्लॉटर कितीही महागाचा घ्या, डोळे उघडे ठेवायला माणूस लागतोच. प्रोपेलरच्या शाफ्टवर रोप कटर बसवून घ्या, बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हाच.

वीजबाई

विजेवर मी. दुबईत यॉटची इलेक्ट्रिकल कामं करते.

बॅटरी किती आणि कुठली हे शेवटी ठरतं. आधी दिवसाचा खर्च मांडा. फ्रीजचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर चालू असताना ४-५ अँपिअर खातो. युरोपातल्या पुस्तकात तो दिवसाचा तिसरा हिस्सा चालतो. आपल्याकडे पाणीच २८-२९ अंश, त्यामुळे निम्मा दिवस धरा : ५५ अँपिअर-तास. ऑटोपायलट सरासरी २ अँपिअर, २० तास : ४०. प्लॉटर, व्हीएचएफ रेडिओ, एआयएस, बाकी उपकरणं मिळून ४०. पंखे, दिवे, फोन : १५. बेरीज दीडशे. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त एकटा फ्रीज. त्याच्या डब्याला दहा सेंटिमीटर चांगलं इन्सुलेशन करा. तो पैसा दुसऱ्या बॅटरीपेक्षा जास्त कामाला येतो.

सोलर : १०० वॅटला आपल्या उन्हात दिवसाचे २५-३० अँपिअर-तास. ४०० वॅटचे कागदावर ११०. पण बूमची (मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी अख्खं पॅनेल झोपतं. म्हणून पॅनेल मागच्या कमानीवर आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी चार्ज कंट्रोलर.

नौदल_काका

लेड-ॲसिडच घ्या हो. कुठल्याही बंदरात ट्रकवाल्याकडे मिळते. लिथियम बंद पडली तर कारवारात कोण दुरुस्त करणार?

वीजबाई

काका, मुद्दा बरोबर आहे, म्हणून इंजिन सुरू करायची बॅटरी लेड-ॲसिडच ठेवायची. घरगुती बँक मात्र लिथियम आयर्न फॉस्फेट. लेड-ॲसिडची ५० टक्केच वापरायची असते, म्हणजे दीडशेला ३०० अँपिअर-तासांची बँक, ऐंशी किलोच्या वर. वर ती गरमीत लवकर मरते.

पण लिथियम आणून जुन्या जागी जोडली आणि झालं असं नाही. दोन धोके. एक, ती मिळेल तेवढा करंट ओढते. जुना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने चालून तापतो आणि जळतो. दोन, तिच्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) अचानक स्वतःला तोडलं तर अल्टरनेटरचा भार एका क्षणात शून्य होतो, व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात, कधी सोबत प्लॉटरही. उपाय सोपा : अल्टरनेटर फक्त लेड-ॲसिडला जोडा, तिथून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लिथियमला. लिथियमच्या धन टोकाजवळ क्लास-टी फ्यूज. तिचा शॉर्ट सर्किटचा करंट इतका प्रचंड की साधा फ्यूज वितळूनही आतली ठिणगी थांबवू शकत नाही.

वायर कलई केलेल्या तांब्याचीच. घरगुती वायर इथल्या हवेत एका पावसाळ्यात इन्सुलेशनच्या आत हातभर काळी पडते. जाडीचं उदाहरण : विंडलास ८० अँपिअर घेतो, बॅटरीपासून नाळेपर्यंत जाऊन-येऊन १६ मीटर. १६ चौ. मिमी वायरमध्ये १.४ व्होल्ट वाटेतच जातात, ३५ चौ. मिमीमध्ये ०.६४. पहिल्यात मोटर रडते आणि तापते.

नौदल_काका

पटलं. डीसी-डीसीवाला मुद्दा वहीत लिहून घेतला.

ऑटोपायलटवरून एक : वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन सुकाणू वीज खात नाही. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर तेच वापरावं लागतं. कमांडर अभिलाष टॉमी २०२३ मध्ये त्या शर्यतीत दुसरे आले, सगळं जग विंडव्हेनवर फिरून. २०१८ मध्ये याच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांची डोलकाठी गेली होती आणि पाठीला जबर दुखापत झाली होती, हेही लक्षात असू द्या. बोल्ट-कटर बोटीवर हवाच. पडलेली डोलकाठी तारांना लटकत राहिली तर बोटीला भोक पाडते.

शीडतार

विंडव्हेन उत्तम, पण गोवा-कोचीला त्याचा उपयोग कमी. हिवाळ्यात पहाटे मतलई, दुपारी खारा वारा, मधे काही तास काहीच नाही, इंजिन चालू. विंडव्हेनला वारा लागतो. अंदमानचं ठरलं की बघू.

दिवाडकर

नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' आमच्या दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डात बांधली गेली, त्या अभिमानाने लिहितो. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असो, अवांतर झालं.

खारा_वारा यांची बोट मांडवीत आहे, म्हणून ॲनोडचं, म्हणजे बोटीचे बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणाऱ्या ठोकळ्याचं, सांगतो. सगळे जस्ताचे लावतात. जस्त खाऱ्या पाण्यात चांगलं. पण पावसाळ्यात मांडवीचं पाणी वरून जवळपास गोडं होतं. जस्तावर कठीण थर बसतो आणि ते काम करायचं थांबवतं. ॲनोड नवाकोरा दिसतो, मालक खूश, आणि प्रोपेलर मात्र गुलाबी पडलेला. नदीत राहणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमचा ॲनोड. तो खाऱ्यात आणि निमखाऱ्यात दोन्हीकडे चालतो.

गुलाबी हा रंग सीकॉकवरही (बोटीच्या अंगातल्या पाण्याच्या भोकांवरच्या झडपांवर) शोधा. पितळेतलं जस्त निघून गेलं की उरतं ते सच्छिद्र तांबं, नखाने खरवडलं तर बिस्किटासारखं. प्रत्येक सीकॉक उघडून, साधी पितळ दिसली की ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त न सोडणारी पितळ) बसवा. हार्डवेअरच्या दुकानातली नळाची कॉक बसवलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ४० मिमीचं भोक पडलं तर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी आत येतं. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खोक्यावरचा आकडा नळी आणि उंची धरली की अर्ध्यावर येतो. म्हणून प्रत्येक सीकॉकला दोरीने बांधलेली एक लाकडी शंकूची खुंटी. सुतार दहा मिनिटांत करून देतो.

पुण्याची_पाल

आणि संपर्काचं काय? सॅटेलाइट फोन घ्यावा का?

नौदल_काका

मुळीच नाही, परवानगीशिवाय. थुराया-इरिडियमसारखे फोन भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी ट्रेकिंगची यंत्रं घेऊन आलेले परदेशी पाहुणेसुद्धा विमानतळावर अडकले आहेत. व्हीएचएफ घ्या, त्याचा परवाना आणि ४१९ ने सुरू होणारा एमएमएसआय क्रमांक (रेडिओवरची बोटीची ओळख) घ्या. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी (संकटात उपग्रहाला सिग्नल देणारं यंत्र) घ्या आणि त्याची नोंदणी बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात करा. नोंदणी नसेल तर सिग्नल येतो पण बोट कुणाची, किती माणसं, फोन कुणाला करायचा, काहीच कळत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ बायकोच्या आणि घरच्यांच्या फोनमध्येही.

खारा_वारा

सगळ्यांचे आभार. यादी उलटी झाली आहे. यंदा : बोट वर काढणे, उभं रिगिंग, चेनप्लेट, सीकॉक, ॲल्युमिनियम ॲनोड, रोप कटर, साखळी-नांगर, व्हीएचएफ, ईपीआयआरबी. पुढच्या वर्षी : लिथियम, सोलर, फ्रीजचं इन्सुलेशन, ऑटोपायलट. वॉटरमेकर रद्द, किनाऱ्यालगत पाणी कॅनने भरू. प्लॉटर जुनाच. शिडं सध्या शिवून घेतो.

गोड बातमी : बायकोला पट्टीची युक्ती इतकी आवडली की टर्नबकल तीच फिरवणार म्हणते.

शेवटचा प्रश्न. डोलकाठी उतरवायला क्रेन ठरवली आहे. त्याआधी काय करून ठेवू?

शीडतार

वहिनींना माझा नमस्कार.

उतरवण्याआधी : प्रत्येक टर्नबकलचे दिसणारे आटे मोजून लिहा आणि फोटो काढा. प्रत्येक तारेला वर-खाली, डावी-उजवी अशी चिठ्ठी, प्लास्टिकची, कागदाची नको. डोलकाठीच्या आतली वायरिंग तळाशी कनेक्टरवर सोडवा, कापू नका. टर्नबकल आदल्या दिवशी सैल करून, लॅनोलिन लावून ठेवा. क्रेनवाला उभा असताना अडकलेला आटा सोडवायला वेळ नसतो. क्रेनचा पट्टा स्प्रेडरच्या खाली येईल असा, आणि तो वर घसरू नये म्हणून एक दोर पट्ट्यापासून डोलकाठीच्या बुडाला.

उतरल्यावर ॲल्युमिनियममध्ये घुसलेले स्टेनलेसचे सगळे स्क्रू तपासा. आजूबाजूला पांढरी भुकटी दिसेल तिथे दोन धातूंची लढाई चालू आहे. स्क्रू काढून, भोकं साफ करून, लॅनोलिन किंवा ड्युरालॅक लावून परत बसवा. डोलकाठीच्या शेंड्यावरच्या पुल्या फिरतात का आणि फर्लरच्या वर हॅलयार्ड फोरस्टेला किमान ८-१० अंशांचा कोन करून जातो का, ते आत्ताच, जमिनीवर असताना बघा. कोन कमी असेल तर हॅलयार्ड फोरस्टेभोवती गुंडाळतो आणि वारा वाढल्यावर जेनोआ (पुढचं मोठं शीड) अर्धवट अडकतो. मार्गदर्शक पुली रिव्हेटने बसते. मोनेलचे रिव्हेट घ्या, ॲल्युमिनियमचे नको.

जुन्या तारा फेकू नका. नव्यांची लांबी त्यांच्यावरूनच मोजायची आहे. क्रेनची तारीख ठरली की इथे टाका, मापं बघून देतो.